मुद्देमाल : समुद्री गोगलगाय, एक नग

पोलीस खात्यातून निवृत्त झालेला माणूस दिसला की लोक खुर्च्या ओढून त्याच्याभोवती बसतात. 'सांगा न काका, एखादा दरोडा सांगा.' मी सांगतो, बाबांनो, उभ्या नोकरीत मी एक चोर धरला नाही. धावलो असेन तर फक्त एसटीच्या मागे. मग खुर्च्या हळूहळू जागच्या जागी जातात आणि पोरं क्रिकेटचं बोलू लागतात.

चोर धरणारे दुसरे होते. चोरानं जे चोरलं, ज्या कुऱ्हाडीनं कुणाचं डोकं फोडलं, जी दारू पिऊन माणूस नालीत पडला, ते सगळं सांभाळणारा मी. मालखान्याचा मुन्शी. हुद्दा हवालदाराचा, पण सगळे मला मुन्शीजीच म्हणत. फौजदार बदलून जात, मी तिथेच असायचो, माझ्या कुऱ्हाडींसोबत.

मालखाना म्हणजे ठाण्यातली ती खोली, जिला खिडकी नसते आणि कुलपं दोन असतात. गुन्ह्यात सापडलेल्या वस्तूला मुद्देमाल म्हणतात. पंचांसमोर तो जप्त होतो, कापडात शिवला जातो, गाठीवर तापलेली लाख ओतून ठाण्याचा शिक्का उमटवतात आणि तो माझ्या हवाली होतो. कोर्ट मागेल त्या दिवशी तो जसाच्या तसा हजर करायचा. 'जसाच्या तसा' हे म्हणायला सोपं आहे हो. एका साली आंब्यांच्या चोरीचा खटला आला. टोपलीभर पाडाचे आंबे माझ्याकडे आले आणि तारीख पडली पोळ्याच्या सुमाराला. मी टोपलीभर कोया घेऊन कोर्टात उभा राहिलो. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "आंबे कुठे आहेत?" मी म्हटलं, "हुजूर, आंबे आपल्या मार्गानं गेले. जे राहिले ते हजर आहे." कोयांवर आरोपीला शिक्षा झाली. मोहाच्या दारूच्या बाटल्या सील शाबूत असताना अर्ध्या होतात, दारू उडून जाते, हेही मी शपथेवर सांगितलं आहे. कुठं उडून जाते ते कोर्टानं कधी विचारलं नाही.

एकदा कोंबडबाजारातून झुंजीचा कोंबडा जप्त होऊन आला. त्या लेकाच्याचं खाकी कपड्याशी काय वैर होतं कोण जाणे! खाकी दिसली की अंगावर धावायचा. तो ठाण्यात होता तोवर फौजदारसाहेब धोतर नेसून कामावर आले, आणि सलाम कुणाला करायचा ते नव्या शिपायांना कळेना.

पण दिवाळी अंकात सांगावा असा मुद्देमाल एकच. ठाण्याचं नाव सांगत नाही. पांढरकवडा आणि मुकुटबन यांच्या मधल्या मुलखात ते होतं, एवढं पुरे. त्या वेळचे दोघंतिघं अजून हयात आहेत आणि त्यांचे नातू वकील झाले आहेत.

विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढचा उन्हाळा. आम्हाला त्या बदलाचं काही विशेष नव्हतं. ऊन तेच, पगार तोच. पण आमच्या फौजदारांनी धास्ती घेतली होती. माणूस नागपूरचा, तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या, कागदाला कागद टाचल्याशिवाय पाणी पिणार नाही. जुन्या राज्याचे नियम त्यांना पाठ होते. नव्या राज्याचे अजून आमच्यापर्यंत पोचलेच नव्हते. त्यामुळे जे नियम आले नाहीत त्यांनाही ते भिऊन राहत. त्यात आदल्या साली जप्तीतली एक बकरी ठाण्यात मेली होती आणि वरून त्यांना कडक विचारणा झाली होती. तेव्हापासून जिवंत मुद्देमाल म्हटला की ते आधी नियमांची पुस्तकं काढून बसायचे.

त्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, हरसिंग राठोड नावाचा बंजारा भर बाजारात कोसळला. जवळच्या तांड्यावरचा माणूस. त्यांचे पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत; हरसिंगाच्या बापापासून हे लोक तांड्यात घरं बांधून वावरं करत होते. त्याच्या लेकीचं, झमकीचं, लग्न आठवड्यावर आलं होतं आणि तो बाजाराला आला होता. लोकांनी उचलून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात डॉक्टर सामंत होते. नवे, तरुण, मालवणकडचे. त्यांना आमच्या मुलखात करमत नव्हतं. इथं पाणी पाहायचं तर विहिरीत वाकून पाहावं लागे. मासळीच्या नावानं नाल्यातली बोटभर मुरी मिळे आणि ती पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. अशा माणसानं हरसिंगाची मिटलेली मूठ उघडली आणि आत काय पाहिलं, तर समुद्र.

म्हणजे एक शंख. भोवऱ्याच्या आकाराचा, पांढऱ्यावर तपकिरी जाळी, दिसायला देखणा. डॉक्टर दोन पावलं मागं उडाले आणि ओरडले, "कोणी हात लावू नका! ही डसते! माणूस मरतो!" आणि हरसिंगाच्या तळहातावर पाहतात, तर लाल टोचलेली खूण.

आता डॉक्टरांना हसू नका. त्यांचं ज्ञान पक्कं होतं. समुद्रात ही गोगलगाय खरोखरच असते आणि खरोखरच जीव घेते. तिला धावता येत नाही, पण सोंडेत सुईसारखा पोकळ दात असतो, विषानं भरलेला. मासा जवळ आला की तो दात ती भाल्यासारखा मारते. मासा जागीच लुळा पडतो आणि ही बया त्याला सावकाश अख्खा गिळते. रंगाला भुलून कुणी तिला उचललं तर त्याचाही श्वास बंद पडू शकतो, आणि उतारा नाही. डॉक्टरांच्या लहानपणी त्यांच्या गावचा एक खलाशी असाच गेला होता. ते त्यांच्या मनात बसलेलं. म्हणून त्यांनी घाईघाईत चिठ्ठी लिहिली : विषारी समुद्री गोगलगायीच्या दंशाचा संशय. आणि विषाचा संशय म्हटला की दवाखान्यानं ठाण्याला कळवायचं, हा नियम जुन्या राज्यातही होता.

पंचनामा करायला आमचे जमादार गुलाबराव गेले. पंच म्हणून एक शिंपी आणि एक पानवाला धरून आणले. दोघं दाराबाहेर उभे राहून मान लांब करून पाहत होते. "पाहिलं न बाप्पा, पाहिलं! आंगठा कुठं मारू सांगा!" डॉक्टर त्या जनावराची चालरीत, दात, विष, खाणं सगळं भरभरून सांगत होते, कारण इतक्या महिन्यांत त्यांना समुद्राविषयी कुणी विचारलंच नव्हतं. गुलाबरावांनी ऐकलं ते लिहिलं : 'समुद्री गोगलगाय, जातीनं विषारी, मत्स्याहारी, एक नग.' शंख हा शब्द पंचनाम्यात कुठंच नाही. मग शंख काठीनं पाटावर सरकवला, त्यावर लोखंडी घमेलं उपडं घातलं, घमेल्यावर दगड ठेवला आणि ती वरात ठाण्यात आली.

इकडे हरसिंगाच्या डोक्यावर ओली फडकी ठेवली, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, आणि दिवस कलता कलता तो उठून बसला. म्हणाला, "भाकर हाय का काही?" त्याला ऊन लागलं होतं, बस्स. हातावरची खूण पटव्याच्या सुईची. पटवा म्हणजे दागिने ओवणारा. त्याच्याकडे शंख नव्या दोऱ्यात ओवायला नेला होता, पटव्याला जमेना म्हणून हरसिंगानं स्वतः सुई घेतली आणि हातात घुसवून घेतली.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळीच ठाण्यात आले, खजील होऊन. "साहेब, काल माझी घाई झाली. तो रिकामा शंख आहे हो. आतला जीव कधीच मेला, शंभर वर्षंसुद्धा झाली असतील."

फौजदारांनी चष्मा पुसला. "तुम्ही लिहून दिलं की विषारी आहे."

"जिवंत असते तेव्हा!"

"पंचनाम्यात 'मृत' लिहिलेलं नाही. म्हणजे जप्त केली तेव्हा जिवंत. आता ती मेली म्हणता, तर केव्हा मेली? माझ्या ताब्यात मेली का? मेल्याचा दाखला द्या."

"मी माणसांचा डॉक्टर आहे!" सामंत म्हणाले.

"मग जिवंत धरून चालावं लागेल," फौजदार म्हणाले. "हे मध्य प्रदेश नाही डॉक्टर. मुंबई राज्य आहे. आता आपल्या राज्याला समुद्र आहे. समुद्राच्या जनावरांचे काही नियम असतीलच न?"

मी मध्ये म्हटलं, "साहेब, आपण फोडून पाहू का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुद्देमालाच्या खुनाची परवानगी मागतोय.

मग माझी फजिती सुरू झाली. जनावर समुद्रातलं, म्हणून त्याला खारं पाणी पाहिजे. शिपायांच्या मेसमधून मीठ आणलं, काचेची बरणी आणली. मेसचा आचारी विचारतो, "मुन्शीजी, लोणचं घालून राह्यले का?" जनावर मत्स्याहारी, म्हणून एक शिपाई रोज नाल्यावर मासे धरायला. बरणीत मासा सोडायचा. मासा मिठाच्या पाण्यात आपोआप मरायचा. सकाळी फौजदार येऊन पाहत. "मारला!" म्हणत. "पण खाल्ला नाही. आजारी तर नसेल?" मी तो मासा काढायचा, नवा टाकायचा. बंद खोली, वैशाखाचं ऊन, आणि मासे. माझ्या कुऱ्हाडींनाही तो वास लागला.

मालखान्याला लागून कोठडी होती. तिच्यात हातभट्टीवाला एक इसम दोन दिवसांपासून 'मी नाही, मी नाही' करत बसला होता. त्याला कुणीतरी सांगितलं की भिंतीपलीकडे समुद्रातलं जनावर आहे, चालताना त्याचा आवाज होत नाही. त्यानं दार वाजवून वाजवून जमादारांना बोलावलं. "मालक, भट्टी माहीच हाय. दुसऱ्याची पण सांगतो. मले यवतमाळच्या जेलात पाठवा, पण इथं नोको!" गुलाबरावांच्या नोकरीतला तेवढा एक कबुलीजबाब कुणाला हात न लावता मिळालेला.

फौजदारांनी मला बरणी घेऊन जनावरांच्या दवाखान्यातही पाठवलं. तिथला कंपाउंडर बिचारा सवयीचे प्रश्न विचारू लागला. "चारा खाते का?" नाही. "रवंथ?" नाही. "शेण पातळ का घट्ट?" मी म्हटलं, अजून दिसलं नाही. त्यानं बरणीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मुन्शीजी, घरी सगळं ठीक हाय न?" दाखला नाही मिळाला. त्यांच्याकडे दाखला फक्त खुरं असलेल्या जनावरांचा.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, आणि मीही हसत होतो, खोटं कशाला बोलू. मग झमकी आली.

बापाला घेऊन आली होती, पण बोलली तीच. सतरा-अठराची पोरगी, अंगावर कवड्यांची, आरशांची काचोळी, डोळे रडून सुजलेले आणि आवाज मात्र खणखणीत. "मुन्शीकाका, माही याडी तुमच्या कोठडीत हाय. कोन्ता गुन्हा केला तिनं?"

याडी म्हणजे आई. मी म्हटलं, "बाई, आमच्या कोठडीत एकही बाई नाही."

तेव्हा हरसिंगानं समजावून सांगितलं. बंजारा बाया डोक्यावर पाण्याचा हंडा घेतात तेव्हा खाली चुंबळ ठेवतात. तिला ते इंढोणी म्हणतात, कवड्यांनी मढवतात. लग्नात ती नवरीसोबत सासरी जाते. झमकीच्या इंढोणीच्या मधोमध तो शंख बसायचा. त्यांचे पूर्वज बैल घेऊन मीठ आणायला समुद्राकडे जात, तेव्हा घराण्यातल्या कुण्या बाईनं तो वाळूतून उचलला. तिच्यापासून आई जाताना लेकीला देते. झमकीची आई दोन वर्षांमागं बाळंतपणात गेली. जाताना शंख लेकीच्या हातात देऊन म्हणाली होती, 'लग्नात मी नसन, पन हे असन. यालेच माह्यासारखी समज.'

"आता पोट्टी म्हन्ते," हरसिंग म्हणाला, "याडी येत नाही तोवर मी गाडीत बसत नाही. तिकडले पाव्हने कडक हाय साहेब. नवरी निंगाली नाही त सोयरिक मोडन. मंग माह्या पोरीले कोन करन?"

मी त्यांना फौजदारांकडे नेलं. साहेबांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्यांचा आवाजही जरा ओला झाला होता. पण म्हणाले, "बेटा, मुद्देमाल आहे. वरून हुकूम आल्याशिवाय सोडता येत नाही. मी लिहिलंय यवतमाळला."

"कवा येते हुकूम?"

"येईल."

"लगन त परवा हाय."

साहेबांनी यवतमाळच्या पत्राची नक्कल काढून तिच्यापुढं ठेवली. झमकी जाताना मालखान्याच्या दाराशी थांबली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "काका, थे पानी बदला न. याडीले घान सोसत नोती." मी त्या दिवशी पाणी चार वेळा बदललं. का, ते मला विचारू नका.

लग्न लागलं. आणि निघण्याच्या दिवशी, सकाळी, आम्ही ठाण्यात हजेरी घेत असताना डफांचा आवाज आला. पाहतो तर अख्खं वऱ्हाड ठाण्याकडे वळलेलं. पुढं झमकी, तिच्या मागं तांड्याच्या बाया, त्यांच्या मागं नायक म्हणजे तांड्याचा म्होरक्या, आणि पार मागं दिग्रसकडचे पाहुणे, नवरदेवासकट, तोंडं वाकडी करून. पहाऱ्यावरच्या शिपायानं बंदूक आडवी धरली, मग सरळ धरली, मग भिंतीला टेकवून ठेवली.

आता हा रिवाज सांगितला पाहिजे. बंजारा नवरी सासरी निघते तेव्हा घरच्या एकेका माणसाच्या गळ्यात पडून रडते. नुसतं हुंदके नाही. सुरात, शब्द जुळवून, त्या माणसानं आपल्यासाठी काय काय केलं ते सांगत. त्याला ढावलो म्हणतात. पोरी तो म्हाताऱ्यांकडून शिकतात. कुणाला वगळून जायचं नाही, वगळला तर त्याचा निरोप राहिला. झमकी आईचा निरोप घ्यायला आली होती.

तिनं मालखान्याच्या दाराला मिठी मारली. दोन्ही कुलपांवर गाल टेकला आणि गळा काढला. त्यांची बोली मला अर्धीमुर्धी कळायची, पण जे कळलं ते असं होतं, 'लोखंडाच्या दाराआड बसलीस वं याडी, मिठाच्या पान्यात बसलीस वं याडी, तुले न विचारता मी कशी जाऊ वं याडी.' मागच्या बायांनी सूर धरला. आचारी हातात झारा घेऊन बाहेर आला आणि तसाच उभा राहिला. कोठडीत त्या दिवशी एक पाकीटमार होता, तो गजांना धरून ढसाढसा रडू लागला.

दार सोडल्यावर झमकी वळली. रिवाजाप्रमाणं पुढचा निरोप समोर जो वडीलधारा असेल त्याचा. समोर फौजदारसाहेब होते, टोपी काखेत घेतलेले. ती त्यांच्या गळ्यात पडली. साहेबांचे दोन्ही हात लोंबते. 'तू माह्या याडीले मासे खाऊ घातले रे बापा, तू तिच्यावर पहारा बसवला रे बापा', ती सुरात त्यांचे उपकार मोजत होती, आणि ते खरेच उपकार मोजत होती, टोमणा नव्हता त्यात. साहेबांचा चष्मा तिच्या ओढणीच्या आरशांत अडकला. "रडू नको बेटा, रडू नको," म्हणता म्हणता ते स्वतःच रडू लागले. मी सरकारी नोकरीत पुष्कळ पाहिलं, पण फौजदाराला हजेरीच्या वेळी रडताना तेवढंच.

पण पाहुण्यांचा धीर सुटला होता. झमकीचा सासरा पुढं आला, मिशीवर हात फिरवत म्हणाला, "नायक, तुमची पोट्टी येत नसन त सांगून टाका. आमची बैलं उन्हात उभी हाय. आम्ही जातो." नवरदेव खाली पाहत होता. हरसिंगानं पागोटं काढून सासऱ्याच्या पायावर ठेवलं. मला ते पाहवलं नाही.

साहेब माझ्याकडे वळले. "मुन्शीजी, काही वाट काढा हो! मुद्देमाल द्यायचा कसा?"

आणि मला काही सुचेना. खरंच सुचेना.

झमकीनं डोळे पुसले. "साहेब, एक विचारू? मांगच्या साली माह्या बाच्या बैलानं कोनाच्या तरी वावरात नासधूस केली, मारामारी झाली, तुमी बैल जप्त केला."

"केला असेल."

"मंग दुसऱ्याच दिशी परत देला. बानं कागदावर आंगठा लावला आन बैल घेऊन आला. जनावर हाय, ठान्यात मरन, घरी नेऊन खायाले घाला, असं तुमीच म्हनलं. मंग याडीले काहून नाही देत? तिले बी जनावरच लिवलं न तुमी?"

साहेबांनी चष्मा सरळ करून माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. पोरगी बरोबर बोलत होती! मालक समोर असला की जिवंत मुद्देमाल ठाण्यात ठेवत नाहीत. मालकाकडून लिहून घेतात की मी खाऊ-पिऊ घालीन, विकणार नाही, कोर्ट बोलावेल तेव्हा हजर करीन, आणि जनावर त्याच्या सुपूर्द करतात. त्याला सुपुर्दनामा म्हणतात. कागदावर शंख असता तर वस्तू म्हणून वर्षानुवर्षं माझ्याकडे पडला असता. गुलाबरावांनी त्याला जनावर केलं होतं, म्हणून त्याला घरी जाता येत होतं.

"पण विषारी जनावर?" साहेब म्हणाले. "विषारी जनावर सुपूर्द करता येतं का?"

आता मात्र माझी मती जागी झाली. "साहेब, गारुड्याचा नाग दिला होता आपण. तुमच्याच सहीनं."

"दात काढलेला होता तो!"

"हिचाही दात कोणी पाहिलेला नाही," मी म्हटलं.

गर्दीत डॉक्टर सामंतही आले होते. ते पुढं होऊन म्हणाले, "ही कुणाला डसणार नाही, असं मी लिहून देतो. मेली आहे असं लिहीत नाही. शांत स्वभावाची आहे, असं लिहितो." आणि दिलं की हो लिहून!

सुपुर्दनामा मी लिहिला. रोज खायला घालीन. पाणी देईन. विकणार नाही, मारणार नाही, कुणावर सोडणार नाही. फौजदार किंवा त्यांचा माणूस तपासणीला येईल तेव्हा जनावर जिवंत आणि तंदुरुस्त दाखवीन. आंगठा लावायला हरसिंग पुढं आला, तर झमकीनं त्याचा हात बाजूला केला. "याडी माही हाय. आंगठा माहा लागन." मी बरणीत हात घातला. तळहातावर शंख घेतला तेव्हा, खोटं सांगत नाही, आतून काही टोचेल म्हणून त्याचं तोंड मी पलीकडे वळवलं. तिनं तो पदरानं पुसला, डोळ्यांना लावला आणि बोचक्यातली इंढोणी काढून तिथंच, मालखान्याच्या पायरीवर बसून, मधोमध शिवून घेतला. सासऱ्याची बैलं आणखी थोडी उन्हात उभी राहिली.

पावसाळा गेला. यवतमाळहून हुकूम काही आला नाही. आमच्या साहेबांना मात्र तपासणीची रुखरुख लागलेली. "मुन्शीजी, अट आपणच घातली. तपासणी केली नाही तर उद्या विचारतील." शेवटी त्यांनी मला दिग्रसच्या मोटारीत बसवलं. दिग्रसला उतरून पुढं पायी, कपाशीच्या वावरांतून, चिखल तुडवत. पूर्ण वर्दीत. एका गोगलगायीची तब्येत पाहायला. वाटेत एकानं विचारलं, "साहेब, कोनाले धरायले निंगाले?" मी म्हटलं, "कुणाला नाही बाबा, तू आपलं काम कर."

तांड्याच्या विहिरीवरून बाया पाणी घेऊन येत होत्या. त्यांतली एक थबकली. तिनं हंडा उतरवून खाली ठेवला, आणि मी काही बोलायच्या आत धावत येऊन माझ्या गळ्यात पडली आणि मोठ्यानं रडू लागली, सुरात, शब्द जुळवून. माहेरचं माणूस भेटलं की त्यांच्यात असंच रडतात. पण हे तांड्याला कुठं ठाऊक की मी कोण? त्यांनी पाहिलं ते एवढंच, की पोलीस आला आणि सून रडून राह्यली. घराघरांतून लाठ्या निघाल्या. सासू छाती पिटत आली. "कोन मेलं? कोन मेलं वं?" सासऱ्यानं माझी बाही धरली. "काय केलं माह्या सुनेले?"

झमकीनं माझी मान सोडली नाही. तशीच रडत रडत ओरडली, "कोनी नाही मेलं! माह्या याडीकडचा मानूस आला! माह्या याडीले यानं सांभाळलं, पानी बदललं तिचं!"

लाठ्या खाली आल्या. मला तीन मुलगे आहेत, सगळे हुशार, सगळे नोकरीला. माझ्या गळ्यात पडून असं कुणी रडलं नव्हतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वर्दीची बटणं नीट केली.

मग खाटेवर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला. मी कागद काढला. काम म्हणजे काम. तिनं इंढोणी आणून माझ्यापुढं ठेवली. शंख मधोमध, घासूनपुसून लखलखीत. त्याच्यापुढं मातीच्या झाकणीत भाकरीचा तुकडा आणि चिमूटभर चटणी.

"रोज ठेवते का बाई?" मी विचारलं.

"पयला घास तिचा. मंग माहा. सासूबाई बी काही म्हनत नाही आता."

"अन् मासे? सुपुर्दनाम्यात मत्स्याहारी लिहिलं आहे. मासे घालते न?"

झमकीनं माझ्याकडे पाहिलं, एखाद्या अडाण्याला समजवावं तसं हळू बोलली. "काका, याडीनं जल्मात कधी मासे खाल्ले नाही. तिले वास सोसत नोता. तुमी तिले इतके दिस मासे देऊन राह्यले होते, बिचारी उपाशी राह्यली तुमच्याकडं."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि तपासणीच्या कागदावर लिहिलं : जनावर जिवंत आहे. तब्येत उत्तम. मासे खात नाही.